एक दात जास्त

४ फेब्रुवारी

ठकू,

पाकीट फोडलंस की आधी फॉर्म हाताला लागेल. तो बाजूला ठेवून हे वाचावंस अशी इच्छा आहे. नाही वाचलंस तरी पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही तेवढी कर आणि परत पाठव.

काम असं आहे. मी निवृत्त झालो तेव्हा आमच्या गिअर कंपनीने देण्यापैकी काही भाग रोख्यांत दिला होता. चाळीस रोखे, हजाराचा एक. दर वर्षी त्यांचं व्याज येतं आणि त्यावर माझी कवितांची पुस्तकं आणि चहा निघतो. तुझी आई गेल्यावर तिच्या जागी दुसरं नाव तुझं घातलं, म्हणून सही दोघांची लागते. आता मुदत संपत आली आहे. कंपनी विचारते, रोख परत हवी की रोख्यांचे शेअर करून हवेत? एकतीस मार्चच्या आत कळवायचं. नोटिशीत लिहिलं आहे : रूपांतराचं गुणोत्तर ८ : १.

जन्मभर गिअर कापण्यात गेला, त्यामुळे हे दोन आकडे आणि त्यांच्यामधले दोन ठिपके मला कुणी समजावायला नकोत. आठास एक म्हणजे इकडे मोटर आठ वेळा फिरते तेव्हा तिकडचं चाक एकदा फिरतं. आठ रोखे घाला, एक शेअर घ्या. माझ्या चाळिसांचे पाच होणार. खालच्या मजल्यावरच्या लोखंडकाकाकडेही हेच रोखे आहेत. (लेथवर काम करायचा आणि अंगाला लोखंडाचा वास यायचा म्हणून तू त्याला हे नाव दिलंस, ते आता त्याच्या बायकोनेही उचललं आहे.) नोटीस वाचून तो म्हणाला, "कवी, आठ म्हशी द्या आणि एक शेपूट घ्या, असं चाललंय हे. पंपाच्या गिअरबॉक्सलासुद्धा एवढी लाज असते." तेव्हा रोख घेऊन मोकळं व्हायचं आम्ही ठरवलं आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण आपला फोन तिसऱ्या वाक्याला कुठे जाऊन अडतो ते तुलाही माहीत आहे आणि मलाही, म्हणून तर दीड वर्ष तो बंद आहे. ई-मेल केला तर तू लगेच उत्तर देशील, आणि लगेच दिलेली उत्तरं आपल्या दोघांना सोसत नाहीत. टपाल बरं. वाटेत शब्द जरा निवतात.

अक्षर वाकडं दिसेल. नवं पेन आहे, शाई नीट उतरत नाही.

तुझी छोटी आता कितवीत? तिला कविता पाठ करायला लावतात का?

बाबा


१९ फेब्रुवारी

ठकू,

तुझं पत्र पोचलं. पत्र म्हणजे एक ओळ, तीही माझ्याच फॉर्मच्या पाठीवर, आणि फॉर्म सही न करता परत : "बाबा, उलटं वाचलंत. एका रोख्याला आठ शेअर मिळतात."

ही ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. दीड वर्षानंतर पहिली ओळ आली आणि तीत माझी चूक काढलेली. घरात कुणीतरी वावरतंय असं वाटलं.

मग खाली गेलो. लोखंडकाका ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे आपण शेपूट द्यायचं आणि आठ म्हशी घ्यायच्या?" मी म्हटलं, तसं दिसतंय. त्याने बोटांवर आठ मोजले. मग म्हणाला, "कवी, नक्की विचार. म्हशी भाकड असतील."

खरं म्हणजे मला राग यायला हवा होता, पण आलं ते कुतूहल. तेच आकडे, तेच ठिपके. आम्ही ते डावीकडून उजवीकडे जातो तसे वाचतो : आधी घातलं किती, मग निघालं किती. तुम्ही पैशाच्या धंद्यातले लोक आधी मिळणार किती ते सांगता आणि दिलं किती ते मागून. आमच्याकडे मोठा आकडा म्हणजे वेग गेला आणि जोर आला. तुमच्याकडे मोठा आकडा म्हणजे काय आलं? शाळेत मराठीच्या बाई डस्टर टेबलावर आपटून मात्रा शिकवायच्या. लघू एक, गुरू दोन. डस्टर दोनदा वाजलं की गुरू. माझ्या आयुष्यातलं पहिलं रूपांतर ते : एका गुरूचे दोन लघू. त्यानंतर इंचाचे मिलिमीटर आले, फेऱ्यांचे दात आले, पण पहिलं ते डस्टर.

आता माझे प्रश्न. सवड असेल तर उत्तर दे, नसेल तर एकाचं दे.

हा आठ कुणी ठरवला? मी भागाकार करून पाहिला, हजार भागिले आठ, एकशे पंचवीस. हा आकडा कुठून आला? उद्या शेअरचा भाव खाली आला तर आठाचे नऊ होतात का? आणि कंपनीने एका शेअरचे दोन तुकडे केले तर माझे आठ आठच राहणार की काय? आमच्याकडे दोन्ही चाकांचे दात दुप्पट केले तरी गुणोत्तर तेच राहतं, म्हणून विचारतो.

खिडकीतली पितळी चाकांची पाटी आठवते? बारा दातांचं एक चाक आणि तेरा दातांचं एक, लाकडाच्या फळीवर शेजारी शेजारी, आणि लहान चाकाला मूठ. गिअर कापायला शिकत होतो तेव्हाचा नमुना आहे तो. दोन्ही चाकांच्या एकेका दाताला आईच्या नखांचा लाल रंग लावून तू तासन्‌तास मूठ फिरवायचीस. "बाबा, लाल लालला कधी भेटणार?" तो रंग अजून गेलेला नाही. परवा धूळ पुसताना पाहिला.

धूळ पुसणं सध्या जरा मंद आहे. त्याचं विशेष काही नाही.

बाबा


६ मार्च

ठकू,

दोन पानं. दोन्ही बाजूंनी लिहिलेली. तुझ्या आईने पाहिली असती तर आधी मोजली असती आणि मग वाचली असती. मी आधी वाचली, मग मोजली.

पहिलं समजलं ते असं, चुकलो तर सांग. रोखे काढले त्या दिवशी कंपनीने ठरवून टाकलं, उद्या कुणाला शेअर हवेच असतील तर ते एकशे पंचवीसच्या हिशेबाने देऊ. त्या वेळी बाजारभाव त्याहून कमी होता, म्हणून कुणाला घाई नव्हती. हजारात असे आठ बसतात, म्हणून आठ. भाव वर गेला काय आणि खाली आला काय, आठ हलत नाही. मात्र शेअरचेच तुकडे झाले तर आठाचे सोळा करून देतात, म्हणजे माझा वाटा जागच्या जागी राहतो. हे वाचून बरं वाटलं. कुणीतरी गिअरवाला बसला असावा नियम करताना.

दुसरं समजायला वेळ लागला. आज भाव एकशे चाळीस आहे, म्हणजे आठांचे अकराशे वीस होतात आणि रोख घेतली तर हजारच. मग सगळ्यांनी शेअरच घ्यावेत की. तर तू लिहितेस, "रोखा म्हणजे कंपनीने दिलेला शब्द असतो बाबा, आणि शेअर म्हणजे कंपनीच. शब्द ठरलेला असतो. कंपनीचं रोज बदलतं." हे वाक्य मी खाली जाऊन वाचून दाखवलं. लोखंडकाका म्हणाला, "पोरगी तुझ्यावर गेली आहे, फक्त हिला पगार मिळतो."

तेव्हा मला वृत्तं आठवली. मात्रावृत्तात एका गुरूच्या जागी दोन लघू घातले तरी चालतात, मात्रा तेवढ्याच भरतात. पण अक्षरगणवृत्तात तसं केलंस तर बेरीज बरोबर येते आणि ओळ मात्र मोडते. बाई म्हणायच्या, मोल सारखं असलं म्हणून जागा सारखी होत नाही. तुझी दोन पानं वाचताना ते साठ-पासष्ट वर्षांनी कळल्यासारखं वाटलं.

आणि मग शेवटची ओळ. "फॉर्मवरची सही तुमची नाही. काय लपवताय?"

पाकीट हातात होतं आणि फोन वाजला. तुलाही धीर निघाला नव्हता. झालं ते तू ऐकलंसच, तरी लिहून ठेवतो, कारण मला ते बाहेरून पाहायचं आहे.

"सही डाव्या हाताची आहे ना?"

"हो."

"उजव्याला काय झालंय?"

"मनगटाला तडा गेलाय. प्लास्टर आहे. कपाटावरचं कवितांचं पुस्तक काढायला स्टुलावर चढलो होतो."

"आणि मला शाईची गोष्ट सांगता?"

"शाईही वाईटच आहे."

"बाबा, आता पुरे झालं. घर बंद करा आणि इकडे या. कायमचे."

मग मी म्हणालो ते मी नेहमीच म्हणतो, की मी कुणाच्या घरातलं सामान व्हायला येणार नाही. आणि तू म्हणालीस ते तूही नेहमीच म्हणतेस, की माझं घर कुणाचं तरी कधीपासून झालं. मग दोघांनी फोन ठेवला. आधी कुणी ठेवला ते आठवत नाही.

मी खिडकीपाशी बसून होतो. समोर ती पाटी. ठकू, आमच्या कारखान्यात एक रीत होती. समज, एका चाकाला वीस दात आहेत आणि दुसऱ्याला चाळीस. हिशेब सुटसुटीत, बरोब्बर दोन फेऱ्यांना एक. नवे लोक खूश व्हायचे. पण अशा जोडीत तोच दात पुन्हा पुन्हा त्याच दातावर येतो. एकाला बारीकशी कपची उडालेली असली तर ती दर फेरीला समोरच्या त्याच दाताला ओरबाडते, आणि वर्षभरात दोन्ही चाकं भंगारात जातात. म्हणून जुने लोक मुद्दाम चाळिसाचे एकेचाळीस करायचे. गुणोत्तर किंचित बिघडतं, पण मग प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताला भेटून येतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. त्या एका जास्तीच्या दाताला आम्ही उनाड दात म्हणायचो. साहेबांच्या कागदावर त्याचं दुसरं काही नाव होतं. आम्ही त्याच्यावर प्रेम करायचो म्हणून हे.

आपण दोघं वीस-चाळीसची जोडी आहोत. आई होती तेव्हा ती मध्ये बोलायची, आपल्याला थेट एकमेकांवर यावं लागत नसे. आता येतो, आणि तोच दात त्याच दातावर.

तुझं "कायमचे" मला का लागतं, ते फोनवर सांगता आलं नाही. इथे लिहितो, कारण आता शब्दही तुझ्याच पानांतून मिळाला आहे. तू लिहिलंस, रोख्याचा शेअर होतो, पण शेअरचा पुन्हा रोखा होत नाही. मी या दोन खोल्यांत जो कुणी आहे तो उठून तुझ्याकडे आलो, की तिथला आजोबा होईन. चांगलाच होईन कदाचित. भाव वधारेलही. पण इथला जो होता तो पुन्हा करून मिळणार नाही. किल्ली दिली की लोखंडकाकाच्या खोकल्यावरून सकाळ ओळखणारा माणूस संपला. तू मला किंमत सांगतेस ठकू, आणि मी जागेचं बोलतो आहे.

एक प्रश्न खरंच विचारतो, भांडण म्हणून नाही. तुमच्या त्या जगात असा एखादा कागद आहे का, जो एकदा रूपांतर झाल्यावरही परत फिरवता येतो?

नवा फॉर्म सोबत आहे. त्यावर काय हवं तो रकाना मी कोराच ठेवला आहे. प्लास्टर निघालं की भरेन.

बाबा


२३ मार्च

ठकू,

हे अक्षर ओळखलंस का? उजवा हात. डॉक्टरीणबाईंनी सोमवारी प्लास्टर कापलं. मनगट सोललेल्या फांदीसारखं बारीक झालंय आणि पेन धरलं की थरथरतं, पण सही माझी येते. तीनदा करून पाहिली, तिन्ही वेळा मीच होतो.

तुझा सही केलेला फॉर्म कुरिअरने आला आणि त्याबरोबर तुझं उत्तर. या वेळी पुन्हा छोटं, पण पहिल्यासारखं नाही. "नाही बाबा, परत फिरणारा कागद नाही. पण सगळे रोखे एकदम बदलायचे असतात असं कुणी सांगितलं? थोडे बदलता येतात. सहा महिने इथे, सहा महिने तिथे. किल्ली तुमच्याच खिशात. या दातावर आपण याआधी आलो नव्हतो, मी आठवून पाहिलं."

शेवटचं वाक्य वाचून चष्मा काढून ठेवावा लागला.

लोखंडकाकाला सांगितलं. तो सध्या कमी बोलतो. त्याने तीन रोख्यांची रोख मागितली आहे आणि तिच्या भरवशावर नवी कवळी बसवून घेतली आहे. वर चौदा आणि खाली चौदा. मी म्हटलं, अरे, तोच दात त्याच दातावर येणार, एक जास्त बसवून घ्यायचा होतास. तो म्हणाला, "कवी, हसवू नकोस, अजून ढिली आहे." मग तोंड आवरून म्हणाला, "जा तू. झाडांना पाणी मी घालतो. पण पुस्तकांना हात लावणार नाही, त्यांच्यावरून माणसं पडतात."

रकाना भरला. तीस रोख्यांचे शेअर, दहांची रोख. दहांतून तिकीट निघतं आणि वर काही उरतं. तीस का, ते विचारू नकोस. हिशेब करून पाहिला तेव्हा चाळीसच्या चाळीस बदलणं फायद्याचं दिसत होतं. पण थोडा शब्द आणि थोडी कंपनी, असं दोन्ही असावं असं वाटलं. तिसांचे दोनशे चाळीस होतील. त्यांचं रोज काय होतं ते आता मी पेपरात पाहत जाणार. या वयात माझं काहीतरी रोज बदलणार आहे, याची गंमत वाटते.

आता तुझ्या सहा-सहाबद्दल. रागावू नकोस, मी जन्मभर हेच केलं आहे. सहा आणि सहा बारा. वर्षही बाराचं. म्हणजे मी दर वेळी त्याच महिन्यात येणार आणि त्याच महिन्यात जाणार. तोच दात त्याच दातावर. मी तुझ्याकडे आजवर दोनदा आलो, दोन्ही वेळा डिसेंबरात, तुला सुटी असते म्हणून. तुझ्या खिडकीसमोरचं ते मोठं झाड मी दोन्ही वेळा बोडकंच पाहिलं. त्याला पानं कशी येतात, फूल येतं की नाही, मला ठाऊक नाही. सहा-सहा केलं तर अर्धं वर्ष कळेल आणि उरलेलं अर्धं कधीच नाही. आणि इथेही तसंच. कुठले तरी सहा महिने हे घर मला पुन्हा कधी दिसणार नाही.

म्हणून मी एक दात वाढवतो. सहा महिने तुझ्याकडे, सात इथे. तेरा. तुझ्या सहांवर माझा एक जास्त, असं समजू नकोस. तो कुणाच्याच बाजूचा नाही, उनाड आहे. या खेपेला एप्रिलच्या पहिल्या दिवशी येतो आणि सप्टेंबर संपला की निघतो. पुढच्या वर्षी मग आपोआप मेमध्ये येईन. त्याच्या पुढल्या वेळी जूनमध्ये. दर फेरीला एक महिना पुढे. असं होत होत तुझ्या घरातला प्रत्येक महिना मला भेटेल आणि माझ्या घरातलाही प्रत्येक. छोटीची परीक्षा भेटेल, तिची सुटी भेटेल, जावईबापूंचा तो वार्षिक हिशेबाचा महिना भेटेल, ज्यात ते म्हणे कुणाशी बोलत नाहीत. तुझ्या वाईट मूडचा महिनाही कधीतरी लागेल. आणि माझा तुला. झीज सगळ्यांत वाटली जाईल.

आता वर्ष म्हणजे बारा दातांचं चाक, आणि माझं येणं-जाणं तेरा दातांचं. पाटी घेऊन बसलो आणि लहानपणी तू विचारायचीस ते आज मोजलं. तेव्हा मी तुला "फिरव, कळेल" एवढंच म्हणायचो. लहान चाकाचे तेरा फेरे झाले की लाल दात पुन्हा लालसमोर येतो. म्हणजे या एप्रिलमधून निघून पुन्हा एप्रिलमध्येच तुझ्या दारात उभा राहायला मला तेरा वर्षं लागतील. आज मी शहात्तरचा आहे. तेव्हा एकोणनव्वदचा असेन.

एवढं बोललो म्हणजे एवढं राहावं लागणार. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग आधी स्टुलावर चढणं बंद करा." अट मान्य केली आहे.

तिकीट काढलं. स्टेशनवर यायची गरज नाही, असं लिहिणार होतो. ये.

सामान कमी आहे. कपडे, औषधं, दोन कवितांची पुस्तकं. एक छोटीसाठी, तिला शाळेत पाठ करायला लावत नसतील तर मी लावीन, डस्टर तिकडे मिळेल का बघ. आणि पितळी चाकांची पाटी. ती सगळ्यांत वर ठेवली आहे, लाल दात लालसमोर लावून. वाटेत फिरू नये म्हणून मुठीला दोरा बांधलाय.

तो तू सोड.

तुझा
बाबा